बशी झाकलेला कप

१

मंठ्याच्या बस स्टँडमागच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला, की त्याची पिशवी भुईला टेकायच्या आत साखराबाईंना त्याचं गाव, सासर-माहेर आणि येण्याचं कारण माहीत झालेलं असायचं. गल्लीतल्या बाया त्यांना तोंडावर हसत, पण पोरीचं स्थळ आलं की आधी त्यांनाच विचारायला येत. साखराबाईंची शाळा चौथीपर्यंतच झालेली. मालक जाऊन काही वर्षं झालेली, लेक करण अंकुशनगरला साखर कारखान्यावर नोकरीला. त्यामुळे घर एकटीचं आणि लक्ष सगळ्या गल्लीत.

त्यातलं निम्मं लक्ष शेजारच्या शालूच्या घरात. शालूची पोरगी प्रियदर्शनी, घरात पिऊ, ही शालूच्या हातचं कमी आणि साखराबाईंच्या हातचं जास्त खायची. या पिऊला जिराफ बघायचा होता. पुस्तकातला नाही, जिता. म्हणून दिवाळीनंतर हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात जायचं ठरलं होतं. शालूचा नवरा अंगद पिकअपवर मोसंबी घेऊन महिन्यातून एखादी खेप तिकडे मारतच असे. लॉजवर लेकराला घेऊन राहायचं नाही, चार दिवस भाड्याचा फ्लॅटच घ्यायचा, असं शालूनं ठरवलं होतं, आणि आता ती दुपारभर मोबाईलवर फ्लॅट बघत बसली होती.

"अमीरपेठ बरं राहील का मेहदीपटणम, मावशी?"

"मला काय ठावं बाई. पर शेजार बघ आधी. घराचं काय, चार भिंती सगळीकडं सारख्याच."

"चार दिवसाला शेजार काय बघायचा? का आता तुमी हैदराबादचीबी चौकशी करनार?"

"करीन की! लेकरू राहनार हाय तिथं." साखराबाईंनी डोळ्याला चष्मा लावला आणि फोन तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

अमीरपेठेतला फ्लॅट चांगला होता. स्वच्छ फरशी, गादी, टीव्ही. साखराबाईंनी एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, पडदे धुतलेत का तेही पाहिलं. स्वयंपाकघराच्या फोटोवर त्यांचं बोट थांबलं. ओटा रिकामा होता. भांडं नव्हतं, डबा नव्हता. फक्त कडेला कान थोडा उडालेला एक कप ठेवलेला आणि त्याच्यावर बशी झाकलेली.

"शालू, हे घर रिकामं हाय ना?"

"हाव, रिकामंच. कामून?"

"मंग चहा कुनासाठी झाकून ठेवलाय?"

शालू हसली. "फोटो काढनाऱ्यानं ठेवला असंल, मावशी. तुमचं आपलं काहीबी!"

साखराबाईंना ते पटलं. न पटायला काय झालं? पण येणार असलेल्या माणसासाठीच बाई चहावर बशी झाकते, हे त्यांना माहीत होतं. येणाऱ्याला उशीर झालेला असतो, आणि तो येणार याची खात्री असते.

२

दुसऱ्या दिवशी शालूनं फ्लॅट सांभाळणाऱ्या माणसाला व्हिडीओ कॉल लावला. सोमेश्वर त्याचं नाव, हसरा, दखनी हिंदी बोलणारा. "देखो अम्मा, ये हॉल, ये बेडरूम, ये बाल्कनी."

"पानी?" साखराबाईंनी मधेच तोंड घातलं. "नळ सोडके दिखाव."

"मोटर लगाना पडता. दो मिनट में लगाके आतूं." त्यानं फोन हॉलमधल्या टेबलावर कशाला तरी टेकवून उभा केला. दार ओढल्याचा आवाज आला, मग कुलपाचा.

इकडे शालूचं दूध उतू चाललं होतं, ती धावली. पिऊ अंगणात खेळत होती. फोनसमोर साखराबाई एकट्या उरल्या. पडद्यावर एक रिकामा हॉल, सोफ्याची कड, स्वयंपाकघराचं अर्धं दार.

साखराबाईंचे वडील धुळाजी मेंढरं राखायचे. कळप घेऊन निम्मं वर्ष रानोमाळ. नव्या मुक्कामाला मेंढरं बसवायच्या आधी म्हातारा एकटा पुढं जाई, काठी टेकवून उभा राही आणि मोकळ्या रानाला हाक मारी. ती हाक साखराबाईंच्याही तोंडात बसलेली. कुठलंही रिकामं घर दिसलं की आपसूक निघायची. आत्ताही निघाली.

"कोन हाय का जागेवर?"

"हाय की. जागेवरच हाय."

बाईचा आवाज. स्वयंपाकघरातून. बोलणं अगदी मंठ्याचं, परतूरकडचं म्हणा. साखराबाईंना इतका आनंद झाला की विचारू नका. परक्या मुलखात आपल्या बोलीची शेजारीण! कामाला येत असेल, नाहीतर बाजूला राहत असेल.

"अगं बाई! तुमी आपल्याच की! बरं झालं. आमी येऊन राह्यलो तिकडं."

"कोन कोन येता?"

साखराबाईंनी सगळं सांगितलं. शालू, अंगद, पिऊ. पिऊला काय आवडतं, काय नाही. ती रात्री कुशीवर निजते, अंधाराला भीत नाही, अनोळखी माणसाकडेही पटकन जाते. तिकडून मधूनमधून "हां", "मंग?", "अजून?" येत होतं. ऐकणारं माणूस मिळालं की साखराबाईंचं बोलणं म्हणजे उतरणीला लागलेली गाडी.

शेवटी रीतीप्रमाणे म्हणाल्या, "तुमीबी या की कवा मंठ्याला. बस स्टँडच्या मागं साखराबाईचं घर कुनीबी दाखवतं. हक्कानं या."

"येते की," आवाज म्हणाला. "तुमी बोलावलं, म्हनल्यावर येते."

कुलूप वाजलं. सोमेश्वर आत आला, फोन उचलला. "पानी आ गया, अम्मा. किससे बातां कर रहे थे?"

"वो बाई से. अंदर है ना, किचन में."

तो हसला, फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला. पडद्यावर ओटा फिरला, खिडकी फिरली, दाराची मागची बाजूही. "कोई नहीं, अम्मा. मैं ताला लगाके गया था ना."

ओट्यावर कप नव्हता. बशी तेवढी होती, पालथी.

३

माणूस आपल्या मनाची समजूत किती तऱ्हांनी घालतो! बाजूच्या फ्लॅटमधून आवाज आला असेल, भिंती पातळ असतात. फोनात दुसरी लाईन घुसली असेल, असं होतं कधी. साखराबाईंनी रात्रीपर्यंत अशी पाच-सहा कारणं जमवली, आणि प्रत्येक कारण त्यांना बरोबर वाटलं.

एकच गोष्ट कुठल्या कारणात बसेना. त्यांनी त्या बाईला काहीच विचारलं नव्हतं. नाव नाही, गाव नाही, माहेर नाही. आजवर असं झालं नव्हतं. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचीसुद्धा उतरायच्या आत सात पिढ्यांची माहिती काढणाऱ्या साखराबाई तिथं नुसत्या सांगत बसल्या होत्या.

आणि मग त्यांना वडिलांच्या हाकेचा राहिलेला अर्धा भाग आठवला. हाकेला उत्तर आलं नाही, की जागा मोकळी, मेंढरं बसवायची. उत्तर आलं, तर एक शब्द बोलायचा नाही. कळप उठवायचा आणि पुढं चालू पडायचं. असं एकदाच झालं होतं. तेव्हा साखरा पिऊएवढी होती. उन्हं अजून उतरायची होती, चूल पेटली होती, भाकर तव्यावर होती. म्हातारा पुढून परत आला आणि काही न बोलता त्यानं तवा उपडा केला. आईनं साखराचं तोंड हातानं दाबून धरलं आणि ते रान ओलांडेपर्यंत सोडलं नाही. पुढं त्यावर कधी कुणी काही बोललं नाही.

सकाळी त्या शालूकडे गेल्या. "अमीरपेठ नको."

"कामून? सगळं तर बराबर हाय."

"नको म्हनलं ना. दुसरीकडं बघ."

शालूनं कुरकुरत तारनाक्याचा एक फ्लॅट काढला. वेगळा मालक, वेगळी इमारत. फोटो नव्या रंगाच्या भिंतींचे. साखराबाईंनी हॉल पाहिला नाही, गादी पाहिली नाही. सरळ स्वयंपाकघर.

ओट्याच्या कडेला कप. त्यावर बशी.

"उप्पलचा काढ."

उप्पलचा ओटा काळ्या दगडाचा होता. कपाचा कान त्याच जागी थोडा उडालेला होता.

"एकाच दुकानातून घेतले असतील सगळ्यांनी," शालू म्हणाली. मग साखराबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून, "मावशी, बरं वाटून नाही राह्यलं का?"

"त्या फोटोत आवाज हाय का काही?"

"फोटोत आवाज कसा असंल?"

नसणारच. साखराबाईंनी मान डोलावली. पण फोन परत देताना तो त्यांच्या कानाजवळून गेला, आणि कुणीतरी अगदी आपुलकीनं, दार उघडता उघडता विचारावं तसं विचारलं:

"कवा निघता?"

४

"जायचंच नको," साखराबाई म्हणाल्या.

शालू चिडली. "सहा महिने झाले लेकरू जिराफ जिराफ करून राह्यलं. ह्यांनी सुट्टी काढली. अन् तुमाला कपबशी दिसली म्हनून जायचं न्हाई? लोकं शेण घालतील माझ्या तोंडात!"

अंगद दारात बूट काढत होता. त्याला ही भांडाभांडी नवी नव्हती. "मावशी, भूत बघितलं का काय?"

"मी काय बघितलं ते मला ठावं न्हाई, अंगदा. न्हाई ठावं म्हनूनच म्हनते."

पिऊ साखराबाईंच्या मांडीवर येऊन बसली होती. तिनं त्यांच्या गळ्यातली माळ हातात घेतली आणि विचारलं, "मावशी, जिराफ आपल्याकडं बघतो का वरून?"

त्या क्षणी साखराबाईंचं मन ठरलं. लेकराला जिराफ दिसणार. आणि जागा मोकळी आहे का ते आधी बघितलं जाणार. या दोन्ही गोष्टी होऊ शकतात, बापानं आयुष्यभर तेच तर केलं.

"तू मोसंबी घेऊन परवा चाललास ना? मी येते गाडीत. उप्पलचं घर मी आधी बघते. मला बरं वाटलं की फोन करते, मंग शालू अन् पिऊ बसनं येतील. न्हाई वाटलं तर दुसरं घर बघीन. हैदराबाद काय एवढंसं हाय?"

"मोसंबीवर बसून येनार?" अंगद हसला.

"पुढं बसून. अन् तुझी ती गाणी बंद ठेवून."

शालूही हसली, आणि भांडण तिथंच मिटलं. निघताना साखराबाईंनी घराची किल्ली शालूकडे दिली, तुळशीला पाणी घालायला सांगितलं, आणि वडिलांच्या घोंगड्यांतलं एक खांद्यावर टाकलं. दुसरं घरात अंथरलेलं होतं. त्यावर पिऊ दुपारची निजायची.

५

उप्पलचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. ऊन जिन्यात आलेलं, कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास. किल्ली खालच्या दुकानदारानं दिली आणि तो पुन्हा गिऱ्हाइकात गुंतला. अंगदानं कुलूप उघडलं.

"थांब," साखराबाई म्हणाल्या. "उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको."

त्यांनी घोंगडं खांद्यावर सावरलं. हाक खणखणीत निघाली.

"कोन हाय का जागेवर?"

हॉलमध्ये पंखा लटकत होता. बाल्कनीच्या दाराला पडदा. कुठं काही हललं नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. खालून रिक्षाचा आवाज आला, कुणीतरी पोराला ओरडलं. आतून काहीच नाही.

साखराबाई आत गेल्या. सरळ स्वयंपाकघरात. काळा ओटा लख्ख रिकामा होता. कप नाही, बशी नाही. त्यांनी कपाटं उघडली, मोरीत पाहिलं, दाराच्या मागं पाहिलं. इतक्या दिवसांनी छाती मोकळी झाली. जागा मोकळी होती. बिलकुल मोकळी.

"झालं समाधान?" अंगद म्हणाला. "गाडी आडवी लावलीय, नीट लावून येतो. तुमी शालूला फोन करा."

तो जिना उतरून गेला. साखराबाईंनी ओट्यावर हात टेकवला आणि हाताला ओल लागली. वाकून पाहिलं. कपाच्या बुडाचा गोल ठसा, नुकताच कुणीतरी उचलून नेल्यासारखा.

त्या ठशाकडे बघत त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग एकदम त्यांना कळलं, की जागा मोकळी का आहे. जी जागेवर होती, ती बाहेर गेली होती. तिला कुणीतरी हक्कानं बोलावलं होतं.

६

शालूनं फोन लगेच उचलला. पडद्यावर तिचा हसरा चेहरा, आणि मागं साखराबाईंची स्वतःची भिंत, स्वतःचं घड्याळ.

"मावशी! आत्ता तुमचंच नाव काढलं. पाहुण्या आल्यात तुमच्याकडं."

"कोन?"

"हैदराबादच्या. तुमीच तर बोलावलं म्हनल्या. दारात उभ्या होत्या, मी कुलूप काढून दिलं. मी चहा ठेवत होते, तर म्हनल्या, राहू दे, मी ठेवते. लई लाघवी हायेत बाई. पिऊचं सगळं ठावं हाय त्यांना."

"पिऊ कुठंय?"

शालूनं फोन जरा तिरका केला, तिच्या खांद्यामागचं दिसलं. पिऊ घोंगड्यावर मांडी घालून बसली होती आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हसत होती. तिच्यासमोर एक कप होता. कान उडालेला. दाराच्या आडून एक हात आला, बशी घेऊन. बशी कपावर झाकायला हात पुढं आला. जेवढा यायचा तेवढा आला. कोपर दिसायला हवं होतं तिथं कोपर दिसलं नाही. हात अजून आला. आणि मग अजून.

"पिते ना चहा?" आतून आवाज आला. "मंग जाऊ आपन. जिराफ वाट बघतोय."

शालू फोनमध्ये बघत होती. तिची पाठ दाराकडे होती.

कळप उठवायचा. न बोलता. पण शालूला ऊठ म्हणावं, तर ती विचारणार कामून, आणि ती विचारीपर्यंत पिऊनं तो हात धरलेला असणार. ती अनोळखी माणसाकडेही पटकन जाते. साखराबाईंनीच सांगितलं होतं.

त्या चालत हॉलमध्ये आल्या, बाहेरच्या दाराला आतून कडी घातली, फरशीवर घोंगडं अंथरलं आणि त्यावर ऐसपैस बसल्या. पदर सारखा केला. पाहुणीनं बसावं तसं.

"शालू, फोन तसाच धर. स्वयंपाकघराकडं. तू बोलू नको." मग आवाज चढवून, "अवो बाई! काय तुमची रीत म्हनायची ही? मी एवढ्या लांबून तुमच्या दारी आले, अन् घरधनीन माझ्या घरी चहा करत बसली? पाहुणी उंबऱ्याच्या आत येऊन बसलीय, अन् पानी विचारायला कुनी न्हाई! लोकं काय म्हनतील तुमाला?"

तो हात बशीवर थांबला.

"का तुमच्यात पाहुण्याला असंच बसवतात? सांगा म्हंजे मी जाते उठून. पर पुन्हा तुमच्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई, अन् तुमाला माझ्या उंबऱ्याला लावू देनार न्हाई."

घड्याळाची टिकटिक तेवढी फोनातून येत होती. मग हात मागं गेला. खूप वेळ मागं जात राहिला.

"मावशी," पिऊचा आवाज, हिरमुसलेला. "बाई गेल्या. कप घेऊन गेल्या."

"शालू," साखराबाई म्हणाल्या, "आता काही विचारू नको. लेकराला कडेवर घे. माझ्या घराला कुलूप लाव. तुझ्या घरी नको, शहागडला भावाकडं जा, जी गाडी मिळंल तिनं. मी फोन करीन तवा करीन. वाटेत कुनी हाक मारली, कुनी काही विचारलं, तरी कुनालाबी या म्हनायचं न्हाई. जल्दी."

शालूच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. तिनं पिऊला उचललं. पडद्यावर चौकट दिसली, अंगणातली तुळस, गल्लीतलं ऊन. साखराबाईंनी ते ऊन डोळे भरून पाहिलं आणि फोन बंद केला.

पाठीमागं, रिकाम्या स्वयंपाकघरात, ओट्यावर कप टेकल्याचा आवाज आला.

मग दुसरा कप.

मग गॅसचा लायटर. टक्. टक्.

"आलं चालतं ना चहात?"

साखराबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. अंगद जिना चढत होता, त्याच्या चपला ऐकू येत होत्या. तो दार वाजवील, हाका मारील, आणि कंटाळून शालूला फोन लावील. तोवर बस सुटलेली असेल. तोवर, आणि त्याच्यापुढंही जितकं जमेल तितकं, या बाईला इथं बसवून ठेवायचं होतं. आणि बाईमाणसाला बोलण्यात गुंतवून ठेवणं, हे एक काम साखराबाईंना जन्मापासून येत होतं.

"चालतं की," त्या म्हणाल्या. "निवांत करा. मला काही घाई न्हाई." त्यांनी घोंगड्याची सुरकुती हातानं सारखी केली. "मागच्या खेपेला मीच बोलत बसले, तुमचं काही विचारलंच न्हाई. आता सांगा बरं सगळं. नाव काय तुमचं? अन् माहेर कोन्तं?"

स्वयंपाकघरात लायटर थांबला.